ट्रकच्या केबिनमध्ये राहायचं कसं: लांब पल्ल्याच्या नव्या ड्रायव्हरसाठी

लांब पल्ल्याच्या ट्रकवर नव्याने लागलेला माणूस पहिल्या पगारात बहुतेक वेळा इन्व्हर्टर घेतो, छोटा फ्रीज घेतो, आणि गादी मात्र गाडीबरोबर आली तीच वापरतो. महिनाभरात पाठ धरते, रात्री तीनदा जाग येते, दुपारी स्टिअरिंगवर पेंग येते आणि खापर धंद्यावर फुटतं. क्रम चुकलेला असतो. आधी झोप, मग हवा, मग वीज, मग पाणी आणि जेवण, असं घर लावत गेलं तर पैसेही कमी लागतात आणि अंगही टिकतं. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगितलं आहे.

पहिली ट्रिप: कमी न्या, मोजून या

पहिल्या ट्रिपआधी फारशी खरेदी करू नका. अंथरूण-पांघरूण, आठवडाभराचे आतले कपडे, बाहेरचे दोन-तीन जोड, पाण्याचे दोन कॅन, टॉर्च, रोजची औषधं, कागदपत्रं, फोनचे दोन चार्जर आणि अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेले रोख पैसे एवढं पुरतं. त्याऐवजी एक मोजपट्टी आणि वही न्या. पहिल्या दोन रात्रीत या गोष्टी मोजून लिहा:

बर्थची लांबी, आणि रुंदी तीन ठिकाणी: दोन्ही टोकांना आणि मध्ये. अनेक केबिनमध्ये बर्थ सीटच्या मागे अरुंद झालेला असतो. एकाच मापाची गादी आणली की ती कडेला दुमडून राहते आणि रात्रभर एका बाजूला घरंगळायला होतं.

प्रत्येक कप्प्याची खोली आणि त्याच्या झाकणाचं तोंड. खोका आत मावेल एवढी जागा असते, पण तोंडातून तो जात नाही, हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

गाडी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची. बहुतेक जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. अमेरिकन बनावटीच्या ट्रकमध्ये मात्र साधारणपणे १२ व्होल्टच असतात. हा आकडा माहीत नसताना कुठलंही विजेचं सामान घेऊ नका.

झोपायची जागा

गाडीची मूळ गादी बरी असेल तर ती काढू नका, तिच्यावर ५ ते ६ सेंटिमीटरचा दाट फोमचा थर टाका. मूळ गादीच बसली असेल, म्हणजे झोपल्यावर कमरेखाली फळी लागत असेल, तर मापाने १० सेंटिमीटरची नवी गादी कापून घ्या. फोम हाताने दाबून बघा. मूठ सहज तळाला टेकत असेल तर तो फोम सहा महिन्यांत बसतो. फार मऊ गादी दुकानात छान वाटते आणि चौथ्या रात्री कंबर मागते.

गादीखाली ओल धरते, ही गोष्ट नव्यांना हमखास उशिरा कळते. बंद केबिनमध्ये एकटा माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. ते थंड काचेवर दव म्हणून दिसतं. गादीखालच्या थंड फळीवरही तेच दव जमतं, पण तिथे ते दिसत नाही. महिन्याभराने कुबट वास येतो आणि फोमला काळे ठिपके पडलेले असतात. उपाय साधा आहे: रोज उठल्यावर गादीचं एक टोक उभं करून अर्धा तास हवा लागू द्या, आणि गादीखाली पट्ट्यांची जाळी किंवा हवा खेळती ठेवणारी चटई घाला.

चादरी दोन ठेवा. एक अंगावर, एक धुवायला. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदला, कारण दिवसभराची धूळ आणि डिझेलचा वास केसांतून तिथेच उतरतो.

आता अंधार. संध्याकाळी गाडी लावल्यावर एकदा ही तपासणी करा. सगळे पडदे ओढा, सगळे दिवे बंद करा, बर्थवर आडवे व्हा आणि पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून पडून राहा. आधी काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि एकेक चोर सापडतो: चार्जरवरचा निळा ठिपका, फ्रीजचा आकडा, पडद्याच्या रुळाच्या टोकाशी राहिलेली बोटभर फट आणि तिच्यातून बरोबर पापणीवर पडणारी खांबावरच्या दिव्याची रेघ. चार्जरच्या ठिपक्यावर काळी टेप लावा. फटीवर वेल्क्रोची पट्टी किंवा कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. हीटरचे आणि धोक्याच्या अलार्मचे दिवे मात्र झाकू नका. ज्यांना दिवसा झोपावं लागतं त्यांनी डोळ्यांवरची पट्टीही ठेवावी.

आवाजासाठी फोमचे इअरप्लग स्वस्त आणि पुरेसे असतात, पण बहुतेक लोक ते नुसते कानात कोंबतात आणि उपयोग नाही म्हणतात. बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. प्लग घालत असाल तर उठण्यासाठी उशीखाली थरथरणारा गजर ठेवा.

चालत्या गाडीत दुसरा ड्रायव्हर बर्थवर झोपत असेल तर बर्थची जाळी किंवा पट्टा लावल्याशिवाय झोपू नये. जोराचा ब्रेक लागला की झोपलेल्या माणसाला सावरायला काहीच हाताशी नसतं.

गाडी कुठे आणि कशी लावायची

गादी कितीही चांगली असली तरी गाडी चुकीच्या जागी लावली तर रात्र वाया जाते. थांबायच्या जागा दुपारीच ठरवा, आणि एक नाही, तीन: पहिली, तिच्या अलीकडची, तिच्या पलीकडची. थांबे संध्याकाळी भरतात. रात्री उशिरा पोचून रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपण्यापेक्षा तासभर आधी थांबणं कधीही बरं. रस्त्याची कड ही झोपायची जागा नाही. पेंगलेला मागचा ड्रायव्हर तुमच्या मागच्या दिव्यांच्या दिशेनेच ओढला जाऊ शकतो.

जागा निवडताना येण्या-जाण्याच्या तोंडाजवळची आणि वळणाच्या कोपऱ्यावरची टाळा. तिथे रात्रभर हेडलाइट फिरतात आणि वळणाऱ्या ट्रेलरची शेपटी पुढच्या कोपऱ्याला घासते. शीतगृहाच्या गाडीशेजारी लावू नका. तिचं मशीन सतत चालत नाही, थांबून थांबून सुरू होतं, आणि झोप मोडते ती त्या सुरू होण्याने. शक्य असेल तर मागे घेऊन लावा, म्हणजे सकाळी अर्धवट झोपेत रिव्हर्स घ्यावा लागत नाही. रिव्हर्सआधी खाली उतरून मागची जागा पायी बघा, दर वेळी.

उतार बघायला पाण्याची अर्धी भरलेली बाटली डॅशबोर्डवर आडवी ठेवा. पुढे-मागे थोडा उतार चालतो. बर्थ आडवा असल्यामुळे डावी-उजवी बाजू वर-खाली झाली की डोकं किंवा पाय खाली जातात. मग डोकं उंच बाजूला करा. जमीन सपाट असेल तर डोकं रहदारीच्या उलट्या बाजूला ठेवा.

आणि नाक कुठे करायचं तेही बघा. सकाळी उशिरापर्यंत झोपायचं असेल तर गाडीचं तोंड पश्चिमेला हवं. पूर्वेला केलं तर कोवळं ऊन थेट मोठ्या काचेतून आत येतं आणि सूर्य उगवल्यावर तासाभरात केबिन तापते. दुपारी झोपायचं असेल तर याच्या उलट.

दारं आतून कुलूपबंद ठेवा, पण काही ड्रायव्हर दोन्ही दारं पट्ट्याने एकमेकांना करकचून बांधतात तसं करू नका. आग लागली तर अंधारात गाठ सुटत नाही. आग विझवायचं नळकांडं बर्थवरून हात पोचेल असं ठेवा आणि डोळे मिटून ते एकदा काढून बघा.

झोप किती आणि कधी

चोवीस तासांत सात-आठ तास हवेत. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांतून दिसलं आहे. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर गाडीला कोणी वाली नसतो.

शरीर पहाटे २ ते ६ या वेळात सगळ्यात जड असतं आणि दुपारी २ ते ४ मध्ये त्याहून थोडं कमी. ट्रिप आखताना या दोन वेळा चालवण्यात आल्या तर त्यात थांबा आधीच धरून ठेवा. जांभया, डोळे चोळणं, लेनच्या पट्टीवर चाक जाणं, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते न आठवणं ही झोपेची हाक आहे. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं याने काही मिनिटंच ढकलली जातात.

यावर डुलकी हाच इलाज:

१. सुरक्षित जागी गाडी लावा, इंजिन बंद, हँडब्रेक.
२. एक कप चहा किंवा कॉफी झटकन घ्या. कॅफिन चढायला २० ते ३० मिनिटं लागतात.
३. लगेच २० मिनिटांचा गजर लावून पडा. सीटवर नको, बर्थवर.
४. उठल्यावर खाली उतरा, गाडीला दोन फेऱ्या मारा, मगच चावी फिरवा.

डुलकी २० मिनिटांची घ्या किंवा मग पूर्ण दीड तासाची. चाळीस-पन्नास मिनिटांनी गाढ झोपेतून उठवलेला माणूस आधीपेक्षा जास्त सुन्न होतो. आणि मुक्कामाच्या आधीच्या सहा तासांत चहा-कॉफी बंद, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतं. झोप लागते, पण उथळ लागते.

चालवण्याच्या तासांचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. युरोपात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं, अमेरिकेत आठ तासांनी किमान ३० मिनिटं. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. अंग त्याआधी थकलं तर त्याआधीच थांबायचं.

रात्रभर घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, आठ तास झोपूनही दिवसा पेंग येणं, असं होत असेल तर झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची तपासणी करून घ्या. मान जाड असलेल्यांत तो जास्त दिसतो. त्यावरचं यंत्र केबिनमध्ये चालतं. इन्व्हर्टरवर न लावता त्याचा थेट बॅटरीवर चालणारा अॅडॉप्टर घ्या आणि वाफेचा भाग बंद ठेवा, म्हणजे वीज बरीच कमी लागते.

उकाडा, थंडी आणि वास नसलेला वायू

उन्हाळ्यात काचेच्या आतून लावलेला चकचकीत पडदा काम करतो, पण बाहेरून लावलेला त्याहून जास्त करतो, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच परततं. रात्री छतावरची खिडकी आणि एका दाराची काच खालून, अशा दोन वाटा उघड्या हव्यात. गरम हवा वरून जाते आणि थंड खालून येते. एकच खिडकी पूर्ण उघडली तरी हवा हलत नाही. खिडकीला मच्छरजाळी लवचीक पट्टीची शिवून घ्या, दारावर टोपीसारखी चढते. पंखा थेट अंगावर न मारता छताकडे तोंड करून लावा. ओला पंचा मानेवर ठेवण्याचा उपाय कोरड्या हवेत चालतो, दमट हवेत नुसता चिकचिकाट होतो.

थंडीत रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपायची सवय लावून घेऊ नका. जड ट्रकचं इंजिन उभ्या गाडीत तासाला साधारण दोन ते चार लिटर डिझेल पितं आणि धुराच्या फिल्टरमध्ये काजळी भरते. डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर तेच काम तासाला पाव लिटरच्या आत करतो. तो बंद करताना मात्र फक्त बटणाने करा. ज्योत विझल्यावरही त्याचा पंखा काही मिनिटं फिरतो आणि आतलं धातूचं कवच थंड करतो. मेन स्विच पाडून तो मध्येच थांबवला की उष्णता आत कोंडते, सेन्सर आणि कवच खराब होतं, आणि पुढच्या वेळी हीटर धूर टाकून बंद पडतो. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यातही, तो दहा-पंधरा मिनिटं चालवा. त्याच्या धुराच्या नळीचं तोंड चिखल, पाला, बर्फ यांनी बुजलेलं नाही ना ते झोपण्याआधी टॉर्चने बघा.

आता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. केबिनमध्ये गॅसची शेगडी, कोळसा, स्टोव्ह, काहीही उबेसाठी पेटवायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या आणि बर्थच्या डोक्याच्या बाजूला, उशीच्या उंचीला लावा. खिडकीच्या फटीजवळ नको, तिथे ताजी हवा लागून तो उशिरा वाजतो. त्याच्या मागे बदलायची तारीख छापलेली असते, ती पाळा. डोकं दुखणं, मळमळ, हातापायातलं बळ जाणं, ताप नसताना ताप आल्यासारखं वाटणं ही लक्षणं आहेत. अलार्म वाजला किंवा असं वाटलं तर कारण शोधत बसू नका, आधी दार उघडून बाहेर पडा. कितीही थंडी असली तरी एक काच दोन बोटं उघडी ठेवा. ओलही त्याच फटीतून जाते.

वीज: एवढं गणित जमलं की पुरे

केबिनमधले बरेच बिघाड विजेचे असतात. बॅटरीत किती वीज मावते ते अॅम्पियर-तासात मोजतात. २४ व्होल्टच्या गाडीत १८० अॅम्पियर-तासाच्या दोन बॅटऱ्या असतील तर तुमच्याकडे १८० अॅम्पियर-तास आहेत, ३६० नाहीत. एकापुढे एक जोडल्या की व्होल्ट वाढतात, अॅम्पियर-तास तेवढेच राहतात. त्यातले उभ्या गाडीत एक तृतीयांश, म्हणजे ६० वापरा. या बॅटऱ्या सेल्फ मारण्यासाठी बनवलेल्या असतात, वारंवार खोलवर उतरवल्या की लवकर मरतात.

आता दहा तासांच्या मुक्कामाचा हिशेब. कुठल्याही वस्तूचे वॅट भागिले २४ म्हणजे तिचे अॅम्पियर. १५ वॅटचा पंखा दहा तासांत ६ अॅम्पियर-तास खातो. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज चालू असताना ५० वॅटच्या आसपास घेतो, पण तो थांबून थांबून चालतो, म्हणून रात्रीचे ७ ते १०. हीटरचा पंखा सुमारे १०. फोन आणि दिवा मिळून ३. सगळं एकत्र केलं तरी तीसच्या आत बसतं. पण उभ्या गाडीतला ४०० वॅटचा एसी लावला की तासाला १७ जातात आणि साडेतीन तासांत ६० संपतात. त्याला वेगळी बॅटरी लागते. १२ व्होल्टच्या गाडीत हेच सगळे आकडे दुप्पट होतात.

सकाळी सेल्फ मारण्याआधी व्होल्ट बघायची सवय लावा. २५.४ म्हणजे भरलेली, २४.४ म्हणजे निम्मी, २४ च्या खाली गेली तर सेल्फ उचलेल याची खात्री नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद खूप घटते, तेव्हा आणखी जपून वापरा.

या चुका वरचेवर होतात:

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचं सामान चालवायला एकाच बॅटरीवरून तार ओढली जाते. सामान चालतं, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते आणि चार्ज करताना दोघींमधून सारखाच करंट जातो. एक कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

१२ व्होल्टचा इन्व्हर्टर २४ वर जोडला तर तो जळतो. मोठा इन्व्हर्टर लायटरच्या सॉकेटवर लावला तर सॉकेट वितळतं, कारण ते साधारण १० ते १५ अॅम्पियरपुरतंच असतं. ३०० वॅटला २४ व्होल्टवर गळती धरून १४ अॅम्पियर लागतात, म्हणजे मर्यादा तिथेच गाठली. त्याहून मोठा इन्व्हर्टर जाड तारेने थेट बॅटरीवर जातो आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असतो. फ्यूज दुसऱ्या टोकाला लावला तर मधली तार कुठे घासून उघडी पडली की ती पेटते आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही.

थंडपणाचे दोन प्रकारचे डबे मिळतात. कॉम्प्रेसर नसलेला स्वस्त डबा बाहेरच्या हवेपेक्षा फार तर १५-२० अंश थंड करतो. केबिन ३८ अंशांवर असेल तर आत १८ ते २३ अंश. दूध फाटतं, आणि तो डबा सतत वीज पीत राहतो. त्यात पैसे घालण्यापेक्षा दोन महिने थांबून कॉम्प्रेसरचा घ्या, तोही व्होल्ट उतरले की आपोआप बंद होणारा.

पाणी, लघवी, अंघोळ

थांबावं लागू नये म्हणून नवे ड्रायव्हर पाणी कमी पितात. त्याने मूतखडा, लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ मागे लागतात. दिवसाला अडीच-तीन लिटर प्या, उन्हात त्याहून जास्त, पण घोट घोट दिवसभर. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पुरेसं चाललं आहे. गाडी अडकली तर लागणारं दहा लिटर पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा आणि ते आठवड्याला बदला.

रात्री उतरणं धोक्याचं असेल अशा ठिकाणी रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची, वेगळ्या रंगाची बाटली ठेवा. ती पिण्याच्या पाण्याच्या कप्प्यात कधीच जाता कामा नये. बायकांसाठी नरसाळ्यासारखं साधन मिळतं, ते आधी घरी वापरून सराव करा. झाकणाची बादली आणि जाड पिशव्याही ठेवाव्यात, पाळीच्या सामानासकट. बाटली संडासात रिकामी करा, रस्त्यावर फेकू नका.

न्हाणीघर मिळालं नाही तर तीन लिटर पाण्यात अंग स्वच्छ होतं. एक लिटर गरम पाणी दोन लिटर गारात मिसळा, दोन छोटे पंचे घ्या, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा. तोंड, मान, काखा, पाठ, जांघा आणि शेवटी पाय, या क्रमाने. बोटांच्या बेचक्या कोरड्या पंचाने पुसा. चिखल्या तिथूनच सुरू होतात. दुसऱ्या दिवशी दुसरे बूट घाला, म्हणजे पहिले वाळतात. सार्वजनिक न्हाणीत अनवाणी जाऊ नका. आणि बर्थवर बूट कधीच चढवायचे नाहीत.

जेवण

केबिनमध्ये आच नको, हे वर आलंच. बाहेर शिजवायचं असेल तर परवानगी असलेल्या जागी, जमिनीवर, डिझेलच्या टाकीपासून आणि मालापासून दूर. ज्वालाग्राही माल असेल तर अजिबात नाही. बॅटरीवरची २५० वॅटची किटली अर्धा लिटर पाणी उकळायला पंधरा मिनिटं घेते, म्हणून ती इंजिन चालू असतानाच्या थांब्यात लावा आणि चालत्या गाडीत उकळतं पाणी उघड्यावर ठेवू नका.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात तासभरच. घरून आणलेलं जेवण फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पूर्ण गार करा. गरम डबा छोट्या फ्रीजचं सगळं तापमान वर नेतो आणि आधीचंही खराब होतं. आत एक थर्मामीटर ठेवा. शिजवलेलं तीन दिवसांत संपवा. फळं, दाणे, उकडलेली अंडी, भिजवलेली कडधान्यं हाताशी असली की पोट भरल्यावर पेंग येत नाही. मोठं जेवण चालवण्याआधी नाही, मुक्कामाला पोचल्यावर, झोपेच्या दोन-तीन तास आधी.

सीट आणि शरीर

सीट बसवायचा क्रम असा: आधी उंची, कूल्हे गुडघ्यांपेक्षा किंचित वर. मग अंतर, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला. मग पाठ, काटकोनापेक्षा जरा मागे. मग कमरेचा आधार, पट्ट्याच्या रेषेत. मग स्टिअरिंग, खांदे टेकलेले असताना मनगट चाकाच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. हवेची सीट असेल तर तुमच्या वजनाला ती मधल्या उंचीवर तरंगली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात तळाला आपटते आणि मणक्याला झटका बसतो. आरसे सगळ्यात शेवटी. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. त्याने कंबर दिवसभर एका बाजूला कलते.

उतरताना केबिनकडे तोंड करून, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेला. उडी मारू नका. चार तास आखडलेल्या गुडघ्यावर ती बसते. उतरल्या उतरल्या जड दोर किंवा ताडपत्री ओढू नका, पाच मिनिटं चालून घ्या. दर दोन तासांनी खाली उतरून टाचा वीस वेळा उचला. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर लगेच डॉक्टर गाठा, तिथे रक्ताची गाठ असू शकते. त्यात छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तातडीची मदत बोलवा.

खिडकीच्या बाजूच्या गालाला आणि हाताला सनस्क्रीन लावा. पुढची काच बरीचशी अतिनील किरणं अडवते, बाजूची तेवढी अडवत नाही. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला आणि दुसरा अर्धा कितीतरी तरुण.

औषधं डॅशबोर्डवर किंवा बाहेरच्या पेटीत ठेवू नका, उन्हात उभी केबिन ५० अंशांच्या वर जाते. सर्दीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्यांनी झोप येते, त्या वेष्टनावर वाचूनच घ्या.

घर आणि वाट पाहणं

घरी फोनची एक ठरलेली वेळ ठेवा, गाडी उभी असतानाची, आणि रोज रात्री गाडी कुठे लावली ते कळवा. वेळ ठरली की चालवताना येणारे फोन आपोआप कमी होतात. लोडिंगला थांबावं लागलं तर आधी विचारून घ्या की नंबर आल्यावर बोलवतील कसं, दार वाजवून की फोनवर. ते ठरलं की बिनघोर पडता येतं. पोचल्याची, आत घेतल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत लिहा, हिशेबाला लागते.

सकाळ

जाग आल्यावर डोकं पूर्ण ताळ्यावर यायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढी चावीला हात लावू नका. पाणी प्या, गादी उभी करा, तोंड धुवा. मग खाली उतरून गाडीभोवती फेरी: टायर, नट, दिवे, खाली पडलेलं तेल किंवा पाणी, दारांची कुलपं, मालाचे पट्टे. वर येऊन व्होल्ट बघा, इंजिन सुरू करून हवेचं प्रेशर भरू द्या. तोवर केबिन आवरा: जड ते खाली, किटली कप्प्यात, कप्प्यांना कडी. सगळ्यात शेवटी वाकून पेडलच्या मागे हात फिरवा. घरंगळलेली पाण्याची बाटली ब्रेकखाली अडकली की पेडल दाबलं जात नाही. हात रिकामा आला की हँडब्रेक सोडा.